धोंडिबा आंधळे नव्हते

धोंडिबा, तुम्ही गेलात, आणि गेल्यावरही लोकांनी तुम्हाला सोडलं नाही. पालमच्या बाजारात मी मिरच्या निवडत बसले होते. शेजारची बाई सहज बोलली, "तो आंधळा धोंडिबा धनगर मेला म्हनं." जसं काही आंधळा हे तुमचं आडनावच! मी हातातल्या मिरच्या खाली टाकल्या आणि म्हणाले, "आंधळी तू. तुझं खानदान आंधळं." तिचा तरी काय दोष? ऐकलं ते तिनं सांगितलं. पण माझ्या अंगाची आग आग झाली. रडू आलं ते नंतर, गावाच्या वाटेला लागल्यावर. आणि वाटभर मी तुम्हाला शिव्या देत आले. हो, तुम्हालाच. मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. मग मेलेल्या माणसानं तरी स्वतःच्या नावाची अशी माती करून जावं का?

मला आता लिहिता येतं, हे तुम्हाला ठाऊक नाही. गावात बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला, तिथं मी शिकले. बोलताना मी 'न्हाई' म्हणते आणि लिहिताना 'नाही' लिहिते, मास्तरीणबाईंनी तेवढं वळण लावलंय. त्या म्हणतात, रोज चार ओळी कोणाला तरी लिहीत जा. माझं आहे कोण लिहायला? म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीतच. बरंच आहे. मध्येच उठून जाता येणार नाही.

तुम्हाला भेटले तेव्हा मी कशी होते, ते आठवतंय का? नुसती भांडखोर. रझाकाराच्या धामधुमीत आम्ही गाव सोडून सरहद्दीपलीकडे पळालो होतो. धनी तिकडेच तापानं गेले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, लोकांनी गुलाल उधळला, आणि मी रिकाम्या कपाळानं गावात आले. थोरल्या दिरांनी तोवर वाटणी करून ठेवली होती. ओढ्याकडची काळी त्यांना, माळाकडची मुरमाड मला. मधे एक धुरा, म्हणजे बांध. धुऱ्याच्या माझ्या अंगाला कुंदा आणि हराळी माजलेली, त्यांच्या अंगाला कापूस.

तेवढ्यावरही त्यांचं पोट भरलं नाही. "बाईमानसाला जिमीन झेपत न्हाई, मी सांभाळतो," असं त्यांनी गावात सुरू केलं. गावातल्या जाणत्या मंडळींनी चावडीत बसून फैसला दिला: बाईनं कसली तर बाईची, पड पडली तर थोरल्यानं सांभाळायची. सांभाळायची म्हणजे गिळायची, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी हट्टानं पेरलं. दुसऱ्याच्या बैलाच्या बदल्यात दुसऱ्याच्या वावरात खुरपत बसले आणि माझं पेरून घेतलं. पहिल्या साली कणसं आली ती बोटाएवढी. दीर धुऱ्यावर उभं राहून हसले. "एक साल अजून बघ," म्हणाले, "मंग चावी दे." वावराला कसली चावी? पण मला कळायचं ते कळलं. अजून एक पीक असं बुडालं असतं तर ते वावर माझ्या हातचं गेलं असतं, आणि त्यांच्या चुलीपुढं भाकऱ्या थापण्यात माझा जन्म गेला असता.

मातीत जीव नव्हता. जीव आणायचा तर उन्हाळ्यात मेंढरं बसवायची. रात्रभर कळप वावरात बसला की लेंड्या आणि मूत जिथल्या तिथं मुरतं, तसं खत गाड्यांनी ओतूनही होत नाही. पण त्याचा दस्तूर असतो. मेंढरं जितके दिवस बसतील तितके दिवस धनगराच्या वाड्याला, म्हणजे तळावरच्या सगळ्या मंडळींना, जेवण आणि वर जोंधळा द्यायचा. माझ्या कणगीत उंदीर उपाशी मरत होते. दिरांनी मात्र त्या उन्हाळ्यात धनगर ठरवला. तुम्हाला.

आणि दीर गंगाखेडला लग्नाला गेले. सकाळी मी वावराकडं गेले तर काय! मेंढरं माझ्या अंगाला! चारी बाजूंनी तुमचं जाळं रोवलेलं, आत पांढरा-काळा कळप मजेत रवंथ करत बसलेला. मला वाटलं, झालं. दिरांनी वावर घेतलंच. फैसल्याची वाटही बघितली नाही. मी तशीच धावत आले आणि तुमच्यावर तुटून पडले.

"कोन रं तू? कुनाच्या वावरात बसवलीस मेंढरं? कुनाला इचारून?"

तुम्ही कांबळं झटकत होता. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल मुंडासं, आणि घाई कशाची म्हणून नाही.

"थोरल्या मालकाचं वावर न्हाई व्हय हे?"

"न्हाई! माझं हाय! धुरा दिसत न्हाई का?"

"असं व्हय," म्हणालात. "चुकलंच म्हनायचं. पर आता जाळं रोवलंय, बाई. उद्या बघू."

उद्या आला. तुम्ही जाळं उपटलं आणि धुरा ओलांडायच्या ऐवजी माझ्याच वावरात पुढच्या पट्ट्यात रोवलं. मी पुन्हा आले, पुन्हा बोलले. तुम्ही पुन्हा "उद्या बघू." असे किती उद्या झाले, ते मी मोजले नाहीत, पण दीर लग्नाहून परत आले तेव्हा माझं वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून झालं होतं. मी मूर्ख! तोवर मला एवढंच वाटत होतं की हा धनगर येडा आहे, आणि दिरांच्या पैशानं माझं खत होतंय तर मी कशाला जास्त ओरडू?

दिरांचा अवतार मात्र बघण्यासारखा होता. पायातली वहाण हातात घेतली होती त्यांनी. अर्धं गाव गोळा झालं.

"आंधळा हायेस का रं?"

"हाय थोडा, मालक. धुरा दिसला न्हाई."

"आन् ह्या बाईनं सांगितलं न्हाई व्हय?"

"ऐकायला बी कमी येतं, मालक."

सगळे हसले. मीसुद्धा पदर तोंडात धरून हसले. तुम्ही मान खाली घालून उभे. मग म्हणालात, चूक माझी, तुमच्या वावरात नव्यानं बसवतो, जोंधळा नको. फुकट मिळतंय म्हटल्यावर दिरांची वहाण पायात गेली. पण नाव पडायचं ते पडलं. त्या दिवसापासून तुम्ही आंधळे धोंडिबा.

त्या साली माझा जोंधळा माणूसभर उंच झाला. कणीस हातात मावेना. चावडीतली जाणती मंडळी बघायला आली, कणसं चाचपली आणि परत गेली. वावर माझंच राहिलं.

दुसऱ्या उन्हाळ्याची गोष्ट आठवली की मला अजून हसू फुटतं. दिरांनी तुम्हालाच पुन्हा बोलावलं, कारण तुम्ही होऊन निरोप धाडला होता, मागल्या साली चुकलो, औंदा बी जोंधळा नको. फुकटाच्या नादानं माणूस किती आंधळा होतो, ते बघा. पण या खेपेला त्यांनी हुशारी केली. धुऱ्यावर दगड मांडले, चुन्यानं पांढरे केले, तुम्हाला हाताला धरून दाखवले, आणि मग कापसाच्या हिशेबाला परभणीला गेले. परत येतात तो मेंढरं पुन्हा माझ्या अंगाला!

"दगड दिसले न्हाईत का रं, मुडद्या?"

"दिसले की, मालक. लय चांगले दिसले. पर दगडाच्या ह्या अंगाला म्हनलात का त्या अंगाला, तेच इसरलो."

जमलेलं गाव हसता हसता लोटपोट झालं. दिरांनी तुम्हाला काठी मारली. खांद्यावर. तुम्ही खांदा चोळलात आणि मेंढरं उठवलीत. त्या काठीचा आवाज मी विसरलेले नाही.

कारण तोवर मला खरं काय ते कळून चुकलं होतं. दीर यायच्या आदल्या दिवशीच. मी धुऱ्यावर गवत कापत होते, तुम्ही वावराच्या पार त्या टोकाला बाभळीखाली बसला होता. कळप चरून माझ्या टोकाकडून परत येत होता, सगळा धुरळाच धुरळा. आणि तुम्ही बसल्या जागेवरून बायकोला हाक मारलीत, "सखरे, ती बांडी बघ. मागचा डावा पाय उचलायली. काटा हाय." सखराबाईंनी त्या गर्दीतून एक काळी-पांढरी मेंढी धरली, पाय उलटा केला आणि बाभळीचा काटा काढला. मला इतक्या जवळून मेंढीसुद्धा ओळखू येत नव्हती.

मी विळा टाकला आणि तुमच्यापुढं येऊन उभी राहिले.

"धोंडिबा, खरं सांगा. धुरा दिसतो का न्हाई?"

"न्हाई दिसत, बाई."

"आन् काटा दिसतो?"

"ते येगळं."

"कसं येगळं?"

"येगळं म्हंजे येगळं." आणि तुम्ही चिलीम काढलीत.

मला इतका राग आला होता! कोणी आपल्यावर उपकार करावा आणि आपल्याला विचारूही नये? मी घरी गेले, टोपलीभर जोंधळा घेऊन आले. तेवढाच होता, पण माझ्या वावरचा होता. तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही हात लावला नाहीत. म्हणालात, "चुकीचं दाम कोन देतं, बाई?" मी म्हणाले, ही चूक नाही. मी उद्या चावडीत जाऊन सांगते की धोंडिबानं मुद्दाम बसवली, माझं वावर वाचवायला बसवली. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलंत. हसणं गेलं होतं.

"सांगू नका," तुम्ही म्हणालात. "परक्या बाप्यानं रांडमुंड बाईच्या वावरात फुकट मेंढरं बसवली म्हनलं की गाव काय बोलंल? तुमचा दीर तेच धरून तुमाला घराबाहेर काढंल. तुमाला हितं ऱ्हायचंय, बाई. आमी उद्या म्होरल्या गावाला. आमाला कोन काय म्हनलं तर आमच्यासंगं जातंय ते, हितं ऱ्हात न्हाई."

या बोलण्यावर मी तेव्हा गप्प बसले. पण धोंडिबा, ते खोटं होतं. ते तुमच्यासंगं गेलं, इथपर्यंत खरं. पण तुमच्या आधी म्होरल्या गावाला पोचायचं, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. दिरांनी राणीसावरगावपर्यंत बोंब ठोकली की हा धनगर आंधळा आणि येडा आहे, ह्याला वावरात घेऊ नका. लोकांनी तुम्हाला मेंढरं बसवायला बोलावणं सोडलं. बोलावलं तर थट्टेला, आणि जोंधळा निम्मा. तुम्ही तरीही दर साली आमच्या वाटेनं जायचात. दिवाळीनंतर, जोंधळा निसवायच्या, कणीस बाहेर पडायच्या दिवसांत. गावात शिरायचा नाहीत, माझ्याशी बोलायचा नाहीत. वाटेवर काठी टेकून उभं राहायचं आणि माझ्या वावराकडं बघायचं. गावातले लोक म्हणायचे, आंधळं बघायलंय काय तिकडं? मी वावरातल्या खोपटाच्या आडोशाला उभी राहून बघायचे की तुम्हाला पीक कसं वाटतंय. तुम्ही मान हलवून पुढं गेलात की माझा तो दिवस चांगला जायचा. एवढीच आपली ओळख. ह्याला ओळख तरी म्हणायचं का?

तुमच्या दहाव्याला मी गंगेवर, गोदावरीच्या काठी आले. एकटीच. बायका अशा परक्याच्या दहाव्याला जात नाहीत, ठाऊक आहे मला. वाळूत तुमची सगळी मंडळी बसली होती, मी लांब उभी. सखराबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "माळावरल्या बाई न्हवं?" मी मान हलवली आणि मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. दोन परक्या बायका.

जे तुम्ही कधी सांगितलं नाहीत ते मला सखराबाईंनी सांगितलं. पहिल्या साली मेंढरं ठरवताना दिरांनी तुम्हाला बजावलं होतं, "धुऱ्यापलीकडं एक मेंढरू जाऊ देऊ नको. ते वावर मरू दे. साल-दीड सालात माझंच हाय ते." तुम्ही "बरं मालक" म्हणालात. वाड्यावर येऊन जेवलात. आणि झोपायच्या आधी बायकोला म्हणालात, "सखरे, उद्यापास्नं मला कमी दिसतं." बस्स. मला बघितलंही नव्हतंत तुम्ही तोवर. माझं नाव माहीत नव्हतं, मी चांगली का वाईट माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तुम्हाला अरे-तुरे करणारी, हातवारे करणारी बाई मी! मी तुमच्या जागी असते तर त्याच दिवशी जाळं उचलून धुरा ओलांडला असता. खरंच सांगते.

आणि मग सखराबाईंनी दुसरं सांगितलं. तुमच्या थोरल्या लेकीची ठरलेली सोयरीक मोडली होती. बाप आंधळा, लेकरं बी तशीच निपजतील, म्हणून. तिला पुढं दूरच्या, बिजवराच्या घरी द्यावी लागली. तरीही तुम्ही तोंड उघडलं नाहीत. एक शब्द बोलला असता, "दिसतं मला, मी मुद्दाम केलं," तर पोरीचं कल्याण झालं असतं! तुमच्या ह्या गप्प बसण्याला मी काय म्हणू? लोक मोठेपण म्हणतील. मी म्हणणार नाही. मला त्याचा संताप येतो, आणि त्याच गप्प बसण्यावर माझं घर उभं आहे, म्हणून त्या संतापाला जागाही सापडत नाही.

आता धाकटीचं चाललं होतं. बाप गेला की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलाकडचे वडीलधारे गावोगाव फिरून चौकशी करणार होते, जिथं जिथं तुमची मेंढरं बसली तिथं तिथं. सखराबाई माझा हात धरून म्हणाल्या, "तुमी काळजी करू नका, बाई. आमी कुनाला सांगनार न्हाई. ह्यांनी सांगून ठिवलंय." नवरा गेला, पोरीचं लग्न टांगणीला, आणि ही बाई काळजी माझ्या अब्रूची करतेय! मी तिथून निघाले तेव्हाच ठरवलं. पुरे झालं हे.

ते वडीलधारे आमच्या गावी आले तो बुधवार होता. दोघे होते, एक फार म्हातारा. चावडीपुढं पारावर बसले. मी कळलं तशी कडबा टाकून आले. दीर पान लावत त्यांना सांगत होते, "होता की आंधळा! दोन साल माझ्या डोळ्यांनी बघितलं. चुन्याचा दगड दिसंना त्याला. वर बहिरा." लोक हसत होते. जुनीच गोष्ट, पण अजून हसत होते.

थोरल्या दिरासमोर मी आजवर कधी पदराबाहेर तोंड काढलं नव्हतं. आमच्यात ती रीतच नाही. मी पारापुढं गेले.

"धोंडिबा आंधळे न्हवते," मी म्हणाले.

हसणं थांबलं. दीर म्हणाले, "तू घरी जा."

"जाते. सांगून झाल्यावर जाते." आणि मी सांगितलं. धुऱ्यापलीकडं एक मेंढरू जाऊ देऊ नको हे कोणी बजावलं ते सांगितलं. कोणी कोणाला काठी मारली ते सांगितलं. आवाज चांगला मोठा निघाला. मुलाकडच्या म्हाताऱ्यानं हात वर करून मला थांबवलं.

"बाई, त्याला दिसत हुतं हे कशावरनं म्हनता?"

मी काट्याची गोष्ट सांगितली.

"कोन्चा पाय?"

"मागचा डावा. मेंढी बांडी. ते बाभळीखाली बसलेले आन् कळप पार वावराच्या ह्या टोकाला, धुरळ्यात."

म्हातारा सोबतच्या माणसाकडं बघून हळूच म्हणाला, "बापावर गेलता. त्याचा बाप बी असाच लांबचं बघायचा."

मग दीर उठले. त्यांना शेवटी जे बोलायचं होतं ते बोलले, जे तुम्ही इतकी वर्षं होऊ दिलं नव्हतं. "एवढा पुळका? तो तुझा कोन लागत हुता?"

पाटील भला माणूस आहे. त्यानं माझी सुटका करायला बघितली. "मानलेला भाऊ असंल, काय गं? राखी बांधली असशील. तसं सांग की." तेवढं 'हो' म्हटलं असतं तर सगळं जिथल्या तिथं बसलं असतं. गावाला नातं लागतं. नात्याशिवाय कोणी कोणाचं केलेलं त्यांना खपतच नाही.

"न्हाई," मी म्हणाले. "भाऊ न्हाई, सोयरा न्हाई, गावचा न्हाई, जातीचा न्हाई. राखी न्हाई, भाऊबीज न्हाई. कोन बी न्हवता तो माझा. म्हनून तर सांगायले! माझ्यासाठी ज्यानं काठी खाल्ली तो कोन बी न्हवता. आन् जो माझा हुता त्यानं काय केलं, ते तुमच्यापुढं पान खायलंय."

मी घरी आले, दाराला आतून कडी घातली आणि चुलीपुढं बसले. भीतीनं नाही म्हणणार. थोडी भीतीही होती.

त्यानंतरचं ऐका. विहिरीवर बायका माझ्या तोंडावर गप्प होतात आणि पाठ फिरली की कुजबुजतात. एकीनं माझी घागर बाजूला सारली. मी तिची सारली. दिरांनी पुन्हा जाणत्या मंडळींना गोळा केलं, की अशा बाईच्या हातात जमीन ठेवायची का. पाटलानं सांगितलं, "फैसला झालाय. बाई कसती, बाईची जिमीन." दीर म्हणाले, बघून घेतो. घ्या बघून. माझं वावर बघण्यासारखंच आहे.

आणि सखराबाईंचा निरोप आला. सोयरीक जमली. दिवाळीनंतर लग्न आहे. मला बोलावणं आहे, आणि मी जाणार आहे, आणि पहिल्या पंगतीला बसणार आहे. येत्या उन्हाळ्यात तुमचा कळप माझ्या वावरात बसेल. मी बोलावलंय म्हणून बसेल, दिवसाढवळ्या जाळं रोवून, आणि सखराबाईंना मी पोत्यानं जोंधळा देईन. त्यांनी नको म्हटलं तर भांडेन. भांडण मला जमतं.

तुम्ही असता तर तुम्हाला यातलं काही रुचलं नसतं. तुम्ही म्हणाला असता, कशाला बाई, मी तर चाललोच होतो. तुमचं हेच मला मान्य नाही, धोंडिबा. कधीच नव्हतं. चांगलं करायचं आणि वर तोंड काळं करून घ्यायचं, हा कुठला न्याय? तुम्ही स्वतःला काय समजत होता? आमच्या माळावरच्या एका परक्या बाईची इज्जत मोठी, आणि तुमच्या पोटच्या पोरीचं नशीब लहान? उत्तर द्या ना. "येगळं म्हंजे येगळं" म्हणून चिलीम काढा, मला राग येऊ द्या. इतकी वर्षं मी तुमच्या शब्दाखातर गप्प राहिले, आता तुमचा शब्द मोडलाय, या, रागवा.

येत नाही ना? मग माझं ऐका. त्या दिवशी पारावर जे होते त्यांतलं कोणी आता तुम्हाला आंधळा म्हणत नाही. माझ्यासमोर तरी नाही. आणि माझ्यामागं कोणी म्हणालं तर मला कळतं, आणि मी त्याच्या दारात जाऊन उभी राहते. मी जिवंत आहे तोवर हे असंच चालणार. तुम्हाला पटो वा न पटो.